हिशेबाची वही कोणाच्या हातात?

स्त्रियांच्या आर्थिक स्वावलंबनाचा आढावा घ्यायचा म्हटला की आमच्या क्षेत्रातली मंडळी थेट बांगलादेश गाठतात. मुहम्मद युनूस, जोब्रा गाव, १९७६ सालची पहिली कर्जे, मग ग्रामीण बँक आणि शेवटी नोबेल. चर्चासत्रांत ही कथा इतक्या वेळा ऐकली आहे की पुढची ओळ मीच सांगू शकेन. युनूस यांच्याबद्दल आदर आहेच. पण एकमेकींच्या हमीवर गरीब बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा उद्योग त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या लालबाग-परळात सुरू झाला होता. आणि त्या बायकांच्या हातचे जेवून गिरणीत पाळीला जाणाऱ्यांत आमच्या मंडणगड, दापोली, खेडचे चाकरमानी होते. हे सांगितले की विद्वान मंडळी ‘स्थानिक अभिमान’ म्हणून हसतात. हसोत बापडी.

मंडणगड तालुक्याकडे रेल्वे फिरकली नाही. बाणकोटची खाडी, डोंगरउतारावरची नाचणी-वरी, चार महिन्यांचे भात आणि उरलेले आठ महिने मुंबईकडे डोळे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया भरल्या, राज्यात सर्वाधिक. या आकड्याचे कौतुक करणारे लेख वाचले की मला राग येतो. पुरुष मुंबईला गेले, म्हणून गावात बायका जास्त दिसतात, इतकाच बराचसा त्याचा अर्थ. शेत, गुरे, म्हातारी माणसे, पोरे हे सगळे बाईने पाहायचे आणि मनीऑर्डर मात्र सासऱ्याच्या नावाने यायची. मीठ-मिरचीलाही तिला हात पसरावा लागे. या भागात संस्था चालवणाऱ्याने हे एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे प्रशिक्षण झाले.

जुन्या काळात फार रेंगाळत नाही. शेजारच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बायकांना परिचारिकेचे शिक्षण दिले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मला त्यात जास्त जवळच्या वाटतात त्या देवरुखच्या पार्वतीबाई आठवले, कर्व्यांच्या मेहुणी. आश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्या गावोगाव हिंडल्या आणि पुढे तोडकेमोडके इंग्रजी घेऊन अमेरिकेपर्यंत गेल्या. निधी जमवण्याच्या कार्यशाळा घेणाऱ्या आजच्या सल्लागारांनी त्यांचे ‘माझी कहाणी’ आधी वाचावे आणि मग आमच्याकडून शुल्क घ्यावे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतचे गोडवे पुरेसे गाऊन झाले आहेत, त्यामुळे पुढे जाते.

आता सुरुवातीला म्हटलेल्या लालबाग-परळातल्या बायकांची अन्नपूर्णा. प्रेमाताई पुरव गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आणि मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेल्या. कामगारांच्या सभा-मोर्चे करता करता त्यांचे लक्ष त्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांकडे गेले. दहा बाय बाराच्या खोलीत एकेक बाई वीस-पंचवीस माणसांचे दोन वेळचे रांधायची. खाणावळीचे पैसे पगार झाल्यावर महिन्याने मिळायचे, पण तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल रोज लागायचे. मधला महिना वाणी उधारीवर भागवायचा आणि त्या उधारीत भाव चढा, मापात मारलेले. तिथेही भागले नाही तर सावकार, नाहीतर मंगळसूत्र गहाण. म्हणजे बाई रात्रंदिवस राबते, धंदा तोट्यात नाही, गिऱ्हाईक पक्के, तरीही नफा तिसराच नेतो. तिला कौशल्य शिकवायची गरजच नव्हती. तिला महिनाभराचे खेळते भांडवल हवे होते. हे ओळखणे यातच प्रेमाताईंचे मोठेपण आहे.

१९७५ साली चौदा जणींपासून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झाले. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणाने बँकांची दारे गरिबांना उघडली, असे भाषणात म्हटले जाई. ते दार खरोखर ढकलून पाहिले या बायकांनी. तारण काही नाही, म्हणून गटातल्या बायका एकमेकींना हमी राहिल्या. एकीचा हप्ता थकला तर बाकीच्या तिच्या दारात. पण त्या दारात उभ्या राहणाऱ्या बायकांना तिच्या घरात कोण आजारी आहे, नवरा दारू पिऊन पगार उडवतो का, हेही ठाऊक असे. वसुली आणि विचारपूस एकाच फेरीत होई. आज मोटारसायकलवरून येणारा कर्जकंपनीचा पोरगा यातले पहिलेच काम करतो.

मग १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप. गिरण्या बंद, पंगती ओस. चाकरमानी गावी परतले. आमच्या तालुक्यात त्या वर्षी एसटीच्या टपांवर ट्रंका आणि वळकट्याच दिसत. खाणावळवालीचे गिऱ्हाईकच गेले. पण संघटना मोडली नाही. मोठ्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेणे, मुलींना शिकवणे अशी ती दुसऱ्या वाटांना लागली. कर्ज देणारी पुष्कळ असतात. धंदा बुडाल्यावरही बाईला सोडत नाही ती संस्था. प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली, पण अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात अन्नपूर्णेचा धडा कुठे आहे?

नव्वदच्या दशकाचे थोडक्यात सांगते. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग केला. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आमचे ‘माविम’, १९७५ चेच. ते गटांच्या कामात उतरले. राजगुरुनगरला सुधाताई कोठारींच्या ‘चैतन्य’ने गटांचे संघ बांधले. म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायला घेतली, तेव्हा प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका पुन्हा गेल्या आणि तुमचे अधिकारी आणि आम्ही, व्याज कोण आधी काढते ते बघू, असे आव्हान देऊन आल्या. १९९७ साली माणदेशी बँक उभी राहिली. त्यानंतरच्या सरकारी अभियानांची नावे दर काही वर्षांनी बदलतात, फलक मात्र त्याच जागी लागतो.

आमच्या भागात पहिले गट झाले तेव्हा महिन्याची बचत दहा-वीस रुपये आणि अंतर्गत कर्जाला शेकडा दोन व्याज. पत्र्याची पेटी, तिच्या किल्ल्या वेगवेगळ्या दोघी-तिघींकडे. सातवी शिकलेली एखादी सून सचिव व्हायची आणि वही लिहायची. मी हट्टाने एक नियम पाळला. वही संस्थेच्या कार्यकर्तीने लिहायची नाही. चुकली तरी बाईनेच लिहायची. यावरून सहकाऱ्यांशी पुष्कळ भांडणे झाली. लेखापरीक्षणात खाडाखोड दिसते, अनुदान अडते, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण खाडाखोड करणारीला वर्षाअखेर आपल्या गटात किती पैसे आहेत हे तोंडपाठ असे. आता सगळे मोबाइलच्या ॲपमध्ये गेले आहे. भरते कार्यकर्ती, बघतो जिल्हा, आणि गटातली बाई विचारते, ताई, आपले किती झाले?

लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये २०२४ पासून बाईच्या स्वतःच्या खात्यावर येऊ लागले. सासऱ्याच्या मनीऑर्डरीचा काळ पाहिलेल्या मला त्याचे मोल कमी वाटत नाही. पण त्या पैशासाठी चार बायकांत बसावे लागत नाही आणि गटाच्या बैठकीची हजेरी उतरली आहे. यावर शहाणे म्हणतात, बैठक हवी कशाला? त्यांनी एकदा आमच्या तालुक्यातल्या वेळासला जाऊन यावे.

वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून कासवांची अंडी राखायला घेतली. पिल्ले बघायला पाहुणे येऊ लागले, आणि गावात हॉटेल नव्हते म्हणून ते घराघरांत उतरले. ओटीवर अंथरूण, पानात मोदक आणि सोलकढी. खाणावळच ही, फरक एवढाच की गिऱ्हाईक मुंबईहून उलटे गावात आले आणि पैसे जेवण होताच हातात पडतात. दर काय, पाहुणे कोणाकडे किती पाठवायचे, हे एकेकटीने ठरवले की भाव पाडापाडी सुरू होते. ते ठरवायला एकत्र बसावेच लागते.

दुखणे आहे ते सातबाऱ्याचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्याकडच्या आंबा-काजूच्या बागा आडव्या केल्या. पाणी घालून झाडे वाढवली बाईने, भरपाई सातबाऱ्यावरच्या नावांना. ती नावे सामाईक. अर्धी माणसे विरार-नालासोपाऱ्यात, एक-दोन परलोकात. सगळ्यांची संमती आणेपर्यंत पाऊस निघून जातो. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड मेळाव्यानंतर बायकोचे नाव सातबाऱ्यावर चढवायची लक्ष्मीमुक्ती चालवली, ती सह्याद्री ओलांडून खाली कोकणात फारशी उतरलीच नाही. काजू फोडायच्या यंत्रासाठी बँक अजून तारण मागते, आणि बाईकडे द्यायला काही नसते.

संस्था चालवणेही बदलले. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये कडक झाला. मोठ्या संस्थेने छोटीला पैसे पुढे देणेच बंद झाले. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा दोन टक्के निधी २०१४ पासून आला खरा, पण त्यांना मार्चअखेर लाभार्थींचा आकडा आणि फोटो हवा असतो. गट तीन वर्षे नुसता बसायला शिकतो, हे त्यांच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात भरायचे?

आमच्या संस्थेची सूत्रे आता गटातूनच वर आलेल्या बाईकडे आहेत. तिला इंग्रजी येत नाही म्हणून एका देणगीदाराने ‘आधीच्या बाईंनाच’, म्हणजे मला, बैठकीला बोलावले. मी गेले नाही. तीच गेली, मराठीतला ताळेबंद घेऊन. पैसे मिळाले नाहीत. या वर्षी ती पुन्हा अर्ज करणार आहे, त्याच ताळेबंदासकट.