कवितेत बोलतंय कोण?

दहावीच्या इंग्रजी 'कुमारभारती'त शेक्सपिअरची 'ऑल द वर्ल्ड्‌स अ स्टेज' ही कविता आहे. जग ही रंगभूमी, माणूस हा नट आणि आयुष्याचे सात अंक, हा तिचा आशय मराठी वाचकाला पुरेपूर ठाऊक असतो. वर्गात सातही अवस्था फळ्यावर उतरतात, उपमा-रूपकं अधोरेखित होतात, मध्यवर्ती कल्पना वहीत जाते. एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा राहून जाते. मुळात ही स्वतंत्र कविताच नाही. 'अ‍ॅज यू लाइक इट' या नाटकात जेक्विस नावाचं एक पात्र आहे. सतत खिन्न असलेला, प्रत्येक गोष्टीत उदासी शोधणारा हा माणूस अरण्यात जेवणाच्या वेळी हे भाषण करतो. म्हातारपण म्हणजे दात, डोळे, चव सगळं गमावलेली दुबळी अवस्था, असं सांगून तो थांबतो. तेवढ्यात ऑर्लँडो आत येतो, आपल्या वृद्ध नोकराला, अ‍ॅडमला, सोबत घेऊन. याच अ‍ॅडमनं आयुष्यभर साठवलेली पुंजी धन्याच्या हाती ठेवून त्याच्याबरोबर घर सोडलेलं असतं. जेक्विसनं रंगवलेलं म्हातारपण आणि प्रेक्षकासमोर आलेला हा म्हातारा यांचा मेळ बसत नाही, आणि तो बसू नये अशीच नाटककाराची योजना आहे. भाषण नाटकातून कापून पुस्तकात घेतलं की जेक्विसचं मत शेक्सपिअरचं मत होऊन बसतं.

शाळेतल्या इंग्रजी कवितेचं आणि कथेचं आकलन अडतं ते इथे. शब्दार्थ मिळतो, भावार्थ मिळतो, अलंकारांची नावं मिळतात. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, कुठल्या प्रसंगी बोलतंय, एवढं विचारायचं राहतं. वास्तविक आपल्या मुलांना हा प्रश्न नवा नाही. एकनाथांच्या भारुडात कधी वासुदेव बोलतो, कधी जोशी, कधी विंचू चावल्यावर कळवळणारा माणूस. गावच्या जत्रेत भारूड पाहणारं पोर नाथांना विंचू चावला असं समजत नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत बोलणारी स्त्री कोण, हेही कीर्तन ऐकणाऱ्याला उलगडून सांगावं लागत नाही. सोंग ओळखायची ही जाण इंग्रजीच्या तासाला वर्गाबाहेर ठेवली जाते.

असं का झालं, याची मुळं जुनी आहेत. मेकॉलेचं टिपण 1835 सालचं, मुंबई विद्यापीठ 1857 सालचं. इंग्लंडमधल्या शिक्षणव्यवस्थेत इंग्रजी साहित्य हा विषय रुजण्याआधी तो भारतात शिकवला जाऊ लागला होता, हे गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या 1989 च्या पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. वसाहतीच्या सरकारला साहित्यातून चारित्र्य घडवायचं होतं. कवितेकडून नैतिक धडा मागण्याची सवय तेव्हा लागली, आणि राज्यकर्ते गेले तरी ती सुटली नाही. आपल्याकडे सुभाषितांची परंपरा भक्कम असल्यामुळे ही सवय आपल्याला परकी वाटलीही नसावी. 1967 साली पुण्यात 'बालभारती' स्थापन झाली, 2000 पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली, पुस्तकं अनेकदा बदलली, त्यांत भारतीय लेखक आले, चित्रं आली, कृती आल्या. पुस्तकांच्या बाबतीत गेल्या काही दशकांतली वाटचाल नक्कीच चांगली आहे. परीक्षेतला प्रश्न मात्र मागेच राहिला.

बारावीच्या रसग्रहणाचे मुद्दे ठरलेले आहेत: कवी, कविता आणि शीर्षक, मध्यवर्ती कल्पना, शैली, भाषेची वैशिष्ट्यं, प्रेरणादायी संदेश आणि मूल्यं, सगळ्यात शेवटी विद्यार्थ्याचं स्वतःचं मत. आता हेच मुद्दे दिलीप चित्रे यांच्या 'फादर रिटर्निंग होम'ला लावून पाहा. ही कविता बारावीच्या 'युवकभारती'त आहे. पावसाळी रात्र आहे. लोकलच्या पिवळट उजेडात वडील उभे आहेत. कपडे ओलसर, रेनकोटवर चिखलाचे डाग, पुस्तकांनी फुगून उसवत चाललेली पिशवी. घरी आल्यावर पांचट चहा, शिळी चपाती, हातात पुस्तक. मुलं घुमी, त्यांच्याशी बोलत नाहीत. झोपताना रेडिओची खरखर ऐकत वडील पूर्वजांची आणि नातवंडांची स्वप्नं पाहतात. यातून प्रेरणादायी संदेश काय काढायचा? मुद्दा दिलेला आहे म्हटल्यावर मुलं काहीतरी लिहिणारच, आणि ते 'वडीलधाऱ्यांची काळजी घ्यावी' याच्या फार पुढे जाणार नाही.

बोलणारा कोण, हे विचारलं की हीच कविता वेगळी उलगडते. बोलणारा या वडिलांचं अपत्य आहे, हे पहिल्याच शब्दांत कळतं. पण तो लोकलच्या डब्यात नाही. वडिलांचे डोळे बाहेरचं काहीच टिपत नाहीत, हे त्याला कसं कळलं? बेसिनवर वडील थरथरतात, ते त्यानं पाहिलं असेल. मनात काय चाललंय, ते तो कल्पनेनंच भरतो आहे. आणि न बोलणाऱ्या मुलांबद्दल सांगताना तो स्वतःला त्यांत धरत नाही, ती जणू दुसऱ्या कुणाची मुलं आहेत. ज्या माणसाशी तेव्हा बोलायचं राहिलं, त्याच्या मनात शिरायचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे, असं मी ही कविता वाचतो. कुणी वेगळं वाचेल. मात्र त्यासाठी त्यालाही कवितेतल्याच तपशिलांकडे बोट दाखवावं लागेल. विरार किंवा बदलापूर लोकलनं रात्री घरी येणारा बाप ज्या मुलानं रोज पाहिला आहे, त्याला हे तपशील गाइडमध्ये शोधावे लागत नाहीत.

चुकीचं वाचणं हा काही मराठी माध्यमातल्या मुलांचा दोष नव्हे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्‌स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. 1929 च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये अशा तेरा कवितांवरचे अभिप्राय आहेत. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, साहित्य ज्यांचा विषय, अशी ती मुलं. तरी त्यांतल्या अनेकांना कवितेचा साधा, वरवरचा अर्थही लागला नव्हता. काहींनी कवितेऐवजी स्वतःच्या आठवणीच वाचल्या होत्या, काहींनी तयार भावना कवितेवर चढवल्या होत्या. रिचर्ड्‌स यांनी या अडथळ्यांची वर्गवारी केली. शिक्षकानं ती आजही हाताशी ठेवावी अशी आहे.

तयार भावनेचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे रॉबर्ट फ्रॉस्टची 'द रोड नॉट टेकन'. एनसीईआरटीच्या नववीच्या 'बीहाइव्ह'मध्ये ती कित्येक वर्षं होती. कमी वापराची वाट निवडा, यशस्वी व्हा, असा तिचा अर्थ भिंतीवरच्या पोस्टरांनी रूढ केला. कवितेत मात्र दोन्ही वाटा जवळपास सारख्याच मळलेल्या आहेत, असं बोलणारा स्वतः सांगतो. पुढे कधीतरी आपण हीच गोष्ट सुस्कारा टाकून वेगळी सांगू, हेही तो आधीच कबूल करतो. कुठल्याही वाटेनं गेलं तरी नंतर हळहळणारा एडवर्ड थॉमस हा मित्र फ्रॉस्टच्या डोळ्यांसमोर होता.

कथेचं काम थोडं सोपं, कारण गोष्ट मुलांना धरून ठेवते. पण तिथेही सारांशावर थांबलं की कथेतला मुख्य जिन्नस हातून जातो. आर. के. नारायण यांची 'अ‍ॅन अ‍ॅस्ट्रॉलॉजर्स डे' बारावीला आहे. गुरु नायक नावाच्या गिऱ्हाइकाशी ज्योतिष्याचा भविष्य खरं ठरण्यावरून पैजेचा व्यवहार ठरतो, मग ज्योतिषी एकदम माघार घेऊ लागतो, आणि शेवटी त्या माणसाच्या भूतकाळातली गोष्ट अचूक सांगतो: तुला सुरा मारून विहिरीत टाकलं होतं. तो वार कुणी केला होता, ते घरी गेल्यावर बायकोशी झालेल्या बोलण्यातून कळतं. इथे मुलांना मागं न्यावं. ज्योतिषी मधेच का दचकला? गिऱ्हाइकानं चिरूट पेटवला, त्या काडीच्या उजेडात त्याचा चेहरा दिसला होता. लेखक ते सांगून पुढे निघून जातो, कारण सांगत नाही. आणखी मागं गेलं तर पहिल्याच पानांवर त्या जागेचं वर्णन सापडतं: नगरपालिकेचा दिवा नाही, शेजारच्या दुकानांचा हलता उजेड, सावल्या. पहिल्या वाचनात हे वर्णन नुसती सजावट वाटतं. दुसऱ्या वाचनात लक्षात येतं की लपून राहिलेल्या माणसाची बैठक अशाच अंधुक जागी हवी, आणि एका काडीचा उजेड तिथेच एवढा महाग पडू शकतो. कथा दोनदा वाचायची असते, हे मुलांना याहून चांगलं कुठली कथा शिकवेल, मला माहीत नाही. ओ. हेन्रीची 'द कॉप अँड द अँथम' त्याच पुस्तकात आहे. तिच्यातली कलाटणी मुलांना आपसूक कळते, तिच्यावर फार वेळ घालवायची गरज नाही.

हे सगळं मराठीतून बोलता येतं आणि बोलावं. इंग्रजीच्या तासाला मराठीचा उपयोग ओळीमागून ओळ भाषांतर सांगण्यापुरता होतो, तेव्हा तो कमी होतो असंच मी म्हणेन. ओळींचा अर्थ लागल्यावर पुढची चर्चा, वाद, शंका ज्या भाषेत मुलांचं तोंड उघडतं त्या भाषेत व्हायला हव्यात. उत्तर नंतर इंग्रजीत लिहिता येतं. साठ-सत्तरांचा वर्ग आणि पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका यांतही कविता दोनदा मोठ्यानं वाचून 'हे कोण म्हणतंय?' एवढा एक प्रश्न विचारता येतो. तो विचारणारे शिक्षक राज्यभर आहेत, परीक्षेनं त्यांच्या बाजूनं उभं राहायला हवं.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पुस्तकाबाहेरचा गद्य उतारा येतोच. तशीच आठ-दहा ओळींची एक न वाचलेली कविता यावी. तिच्यावर संदेश, यमकरचना, अलंकार यांतलं काही विचारू नये. तिच्यात कोण बोलतंय, ते कुठल्या शब्दांवरून ओळखलं आणि कुठली ओळ कळली नाही, एवढंच विचारावं, आणि शेवटच्या प्रश्नाच्या प्रामाणिक उत्तरालाही पूर्ण गुण द्यावेत.