काशीतील ‘बाहेरचे’ पोलीस अधिकारी : नेमणूक कशी होते, बदली का होते

वाराणसी : डॉक्टर, अभियंता किंवा संगणकतज्ज्ञ परदेशी गेला की त्याची पदवीही त्याच्यासोबत जाते. पोलीस अधिकाऱ्याचे तसे नसते. त्याचा अधिकार देशाच्या कायद्यातून येतो आणि देशाच्या सीमेवर संपतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसारख्या कामांसाठी काही जण परदेशी जातात. किरण बेदी 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस सल्लागार झाल्या होत्या. मात्र अशा नेमणुका ठरावीक मुदतीच्या असतात. बहुतेकांच्या वाट्याला येते ते देशांतर्गत स्थलांतर. हे स्थलांतर बरेचदा स्वेच्छेने होत नाही. ते व्यवस्थेचाच भाग आहे.

वाराणसीत ही व्यवस्था स्पष्टपणे दिसते. मार्च 2021 मध्ये येथे पोलीस आयुक्तालय स्थापन झाले आणि शहराच्या पोलीस दलाची धुरा आयुक्तांकडे आली. आयुक्त व उपायुक्त या पदांवर प्रामुख्याने भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी असतात आणि ते देशाच्या कोणत्याही राज्यातील असू शकतात. 84 घाट, अरुंद गल्ल्या, विश्वनाथ मंदिरातील अखंड गर्दी आणि काशिका या भोजपुरीच्या स्थानिक बोलीत चालणारा व्यवहार हे सर्व बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला नव्याने समजून घ्यावे लागते.

या रचनेमागे निश्चित विचार आहे. ‘पोलीस’ हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांच्या अखत्यारीत येतो. तरीही वरिष्ठ अधिकाऱ्यांची सेवा अखिल भारतीय असावी, असा आग्रह सरदार वल्लभभाई पटेल यांनी ऑक्टोबर 1949 मध्ये संविधान सभेत धरला. राज्यात कोणाचेही सरकार असले, तरी अधिकाऱ्याला निर्भयपणे मत मांडता यावे, हा त्यामागील हेतू होता. संविधानातील अनुच्छेद 312 अखिल भारतीय सेवांना आधार देतो.

निवडीनंतर अधिकाऱ्याला एक संवर्ग, म्हणजेच केडर, मिळतो. थेट भरतीत साधारण एक स्थानिक उमेदवार असेल तर दोन बाहेरचे, असे प्रमाण राखले जाते. 2017 च्या धोरणाने राज्यांचे पाच विभाग पाडले. उमेदवारांनी आपल्याच भागातील राज्यांना सलग पसंती देऊ नये, हा त्याचा उद्देश होता. त्या रचनेत महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश वेगवेगळ्या विभागांत होते. त्यामुळे नांदेड किंवा साताऱ्याच्या तरुणाला उत्तर प्रदेश संवर्ग मिळणे हा अपवाद नव्हे. हैदराबाद येथील सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीतील प्रशिक्षणानंतर त्याला मिळालेल्या राज्यातच जिल्हा प्रशिक्षण घ्यावे लागते आणि तेथील भाषेची परीक्षाही द्यावी लागते.

एकदा मिळालेला संवर्ग सहसा बदलत नाही. विवाह किंवा असाधारण अडचण या कारणांवर संवर्गबदल होऊ शकतो. परंतु विवाहाच्या कारणाने स्वतःचे मूळ राज्य मिळत नाही. दुसरा मार्ग आंतरसंवर्ग प्रतिनियुक्तीचा. त्यासाठी सर्वसाधारणपणे नऊ वर्षांची सेवा अपेक्षित असते आणि कमाल मुदत पाच वर्षांची असते. मूळचे अकोला जिल्ह्यातील आणि बिहार संवर्गातील 2006 च्या तुकडीचे अधिकारी शिवदीप लांडे यांनी काही वर्षे महाराष्ट्रात प्रतिनियुक्तीवर काम केले, नंतर ते बिहारला परतले आणि 2024 मध्ये त्यांनी सेवेचा राजीनामा दिला. प्रतिनियुक्ती ही मुदतीची सवलत असते, घरवापसी नव्हे.

कनिष्ठ पदांवर अंतर कमी असते, पण तत्त्व तेच राहते. उत्तर प्रदेशात शिपायांनाही सामान्यतः स्वतःच्या गृहजिल्ह्यात नेमणूक मिळत नाही. निवडणुका आल्या की निवडणूक आयोगाचा निकष लागू होतो : निवडणुकीच्या कामाशी थेट संबंधित अधिकारी गृहजिल्ह्यात नसावा आणि मागील चार वर्षांपैकी तीन वर्षे एकाच जिल्ह्यात राहिलेला नसावा. नातेसंबंध, जातीचे जाळे आणि स्थानिक राजकारण यांचा तपासावर परिणाम होऊ नये, यासाठी हे अंतर राखले जाते.

मात्र घरापासून दूर पाठवणे आणि वारंवार हलवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे अधिकाऱ्याला निष्पक्ष राहणे सोपे जाते. दुसरीमुळे तो दबावाखाली येतो. उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी दिलेल्या निकालाचा गाभा हाच होता. जिल्हा पोलीस अधीक्षक आणि ठाणे प्रभारी यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा आणि बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ असावे, असे निर्देश न्यायालयाने दिले. महाराष्ट्रानेही 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून अशी मंडळे स्थापन केली. या निर्देशांच्या अंमलबजावणीवरून राज्ये आणि न्यायालय यांच्यात पुढेही अनेक वर्षे खटके उडत राहिले.

या प्रश्नाचा संबंध केवळ अधिकाऱ्यांच्या सोयीशी नाही. बदलीमुळे मुलांची शाळा बदलते, जोडीदाराची नोकरी अडते, वृद्ध आई-वडील गावी राहतात. ही किंमत कुटुंब मोजते. नागरिकांची किंमत वेगळी असते. कोणत्या घाटावर सणाच्या दिवशी चेंगराचेंगरीचा धोका आहे, कोणत्या मोहल्ल्यात मिरवणुकीच्या मार्गावरून जुना तंटा आहे, हे कागदोपत्री टिपणातून पूर्णपणे कळत नाही. ते कळू लागेपर्यंत अधिकारी बदलला, तर नवा माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो.

स्थायिक होऊन परक्या शहराशी नाते जुळते, याची साक्ष काशीतच मिळते. अहिल्याबाई होळकर यांनी 1780 मध्ये विश्वनाथ मंदिराची पुनर्बांधणी पूर्ण केली. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसली. पोलीस अधिकाऱ्याने पिढ्या काढाव्यात, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. तो बाहेरचा असणे हीच त्याची जमेची बाजू आहे. पण ती उपयोगी पडावी, तर शहर ओळखण्याइतका काळ त्याला त्या खुर्चीवर मिळायला हवा.