ट्रकचा नवा दिवा आणि समोरच्याचे डोळे

काळोख पडल्यावर दोडामार्गहून म्हापसा किंवा बांद्याच्या रस्त्याला लागलात, तर हा अनुभव हमखास येतो. वळणावरून चिऱ्यांचा किंवा भाजीचा ट्रक समोर येतो, पांढराशुभ्र झोत थेट डोळ्यांत घुसतो आणि क्षणभर रस्ता, साइडपट्टी, कडेने चालणारा माणूस, सगळेच नाहीसे होते. दुचाकीवाला मनात शिवी घालून पुढे जातो. पण ट्रकचालकाला कोणाला त्रास द्यायचा नसतो. त्याचा जुना बल्ब गेलेला असतो, दिव्याची काच पिवळी पडलेली असते, पुढचे नीट दिसत नसते. दुकानात जाऊन तो एवढेच सांगतो, ‘सगळ्यात जास्त उजेडाचा द्या.’ घोटाळा इथेच सुरू होतो.

इकडच्या रस्त्यांवर नीट दिसणे हा जिवाचा प्रश्न आहे. तिलारी घाटातली वळणे अरुंद आणि चढ तीव्र आहेत. दोडामार्ग तालुक्यात 2002 पासून कर्नाटकातून आलेल्या रानटी हत्तींचा वावर आहे, गवेही रस्त्यावर उतरतात. काळसर अंगाचा गवा डांबरी रस्त्यावर उभा असेल, तर दिव्याच्या उजेडातही तो उशिराच दिसतो. म्हणजे चांगला दिवा हवाच. फक्त ‘चांगला’ म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवे.

डोळ्यात काय होते?

डोळ्यावर तीव्र प्रकाश पडला की त्यातला काही भाग डोळ्याच्या आतच, मुख्यतः बुबुळ आणि भिंगात, विखुरतो. या विखुरलेल्या उजेडाचा पातळ पडदा दृष्टिपटलावर पसरतो आणि मंद दिसणाऱ्या वस्तू त्यात बुडून जातात. वय वाढते तसे भिंग गढूळ होत जाते आणि विखुरणे वाढते. साधारण सत्तरीत हा त्रास तरुणपणाच्या दुप्पट होतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी जास्त. दवाखान्याच्या उजेडात तक्त्यावरची अक्षरे नीट वाचणारा माणूस रात्री समोरच्या झोतापुढे चाचपडतो, तो यामुळेच.

झोत निघून गेल्यावरही डोळा सावरायला काही सेकंद घेतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात 11 मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांत 33 मीटर अंतर आपण जवळजवळ न बघता कापतो.

रंगाचाही यात वाटा आहे. हॅलोजनचा उजेड पिवळसर, सुमारे 3200 केल्विनचा असतो. बाजारातले बरेचसे एलईडी बल्ब 6000 केल्विनच्या आसपास, निळसर पांढरे असतात. मोजमापाने उजेड सारखाच असला, तरी निळसर झोत डोळ्याला जास्त खुपतो. शिवाय ट्रकच्या पुढ्यातला रस्ता लख्ख उजळला की चालकाचा डोळा त्या उजेडाला सरावतो आणि लांबचा काळोख त्याला अधिकच गडद दिसतो. उजेड वाढल्याचे समाधान मिळते, पण लांबचा गवा दिसतोच असे नाही.

बल्ब बदलला, रिफ्लेक्टर तोच

ट्रकच्या जुन्या धाटणीच्या दिव्यात बहुधा एच-4 जातीचा, 24 व्होल्ट, 75/70 वॉटचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. रिफ्लेक्टरचा खालचा अर्धा भाग उजेड वर फेकतो, म्हणून ही वाटी तिकडे जाणारा उजेड अडवते. रिफ्लेक्टरचा आकारही ती तार नेमकी कुठे असेल हे धरूनच ठरवलेला असतो.

आता त्याच खोबणीत एलईडी बल्ब बसवला, तर उजेड तारेऐवजी दोन बाजूंच्या चिपांमधून निघतो. जागा किंवा आकार मिलिमीटरने जरी चुकला, तरी झोत फाकतो. काही उजेड पायाशी सांडतो, काही समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि रस्त्यावर लांब पोहोचायचा तो कमी पडतो. जर्मनीत हॅलोजनच्या जागी बसवायच्या एलईडी बल्बला 2020 मध्ये प्रथम परवानगी मिळाली, तीही चाचणी झालेल्या ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांपुरतीच.

हीच गोष्ट 100/90 वॉटच्या बल्बची. त्याच्या उष्णतेने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी जाते आणि वायरिंग तापते. निळ्या रंगाचा लेप दिलेला हॅलोजन बल्ब पांढरा दिसतो खरा, पण तो लेप उजेडाचा काही भाग गाळून टाकतो.

एलईडी हवाच असेल, तर आपल्या मॉडेलसाठी बनवलेला आणि मान्यताप्राप्त पूर्ण दिवा घ्यावा. त्यातली भिंगे आणि चिपा एकमेकांसाठीच बनलेल्या असतात. काचेवर वर्तुळात ‘ई’ अक्षर आणि आकडा असेल, तर त्या दिव्याला युरोपीय नियमांनुसार मान्यता आहे असे समजावे. पण तेवढ्यावर थांबू नका. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून डिपरचा झोत डाव्या कडेला थोडा वर चढायला हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला स्वस्त दिवा तोच झोत समोरून येणाऱ्याच्या तोंडावर मारतो. दुकानदाराला हे विचाराच, आणि भिंतीवर झोत पाडून खात्री करून घ्या.

आधी दोष शोधा

पुष्कळदा बल्ब बदलायची गरजच नसते. वायर जुनी, अर्थिंग गंजलेले, स्विच जळकट असेल तर बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचत नाही. हॅलोजनला 10 टक्के व्होल्टेज कमी मिळाले, तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. किनारपट्टीच्या दमट हवेत हा दोष लवकर येतो. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बल्बच्या पिनेपाशी व्होल्टेज मोजून घ्या. रिले आणि नवी वायर टाकली, तर जुनाच बल्ब उजळतो.

प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडते. ती पॉलिश करता येते, पण पॉलिशने वरचा संरक्षक थर जातो आणि नवा लेप दिला नाही तर पिवळेपणा परत येतो. रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर पूर्ण दिवाच बदलावा. बल्ब जोडीने बदलावेत आणि हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये. बोटांचे तेल तापून बल्ब लवकर जातो.

झोत खाली असू द्या

नवा दिवा बसवल्यावर ट्रक सपाट जागेवर, भिंतीपासून 10 मीटरवर उभा करा. दिवा जमिनीपासून एक मीटरहून उंच असेल, तर डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 15 ते 20 सेंटीमीटर खाली पडायला हवी. हे शक्यतो भरलेल्या ट्रकवर तपासा, कारण मागे भार आला की पुढचा भाग वर उचलला जातो आणि झोतही वर चढतो.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार आठ मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला दिवा दिपवणारा नसावा. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 निर्मात्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई करते.

झोत खाली ठेवल्याने चालकाचे नुकसान होत नाही का, असा प्रश्न येईल. थोडे होते, आणि त्याचा हिशेब वेगात करावा लागतो. एक मीटर उंचीच्या दिव्याचा झोत दोन टक्के खाली असेल, तर तो 50 मीटरवर जमिनीला टेकतो. भरलेला ट्रक ताशी 40 किलोमीटर वेगात, चालकाचा विचार करायचा वेळ धरून, सुमारे 35 ते 40 मीटरमध्ये थांबतो. ताशी 60 ला हेच अंतर 60 मीटरच्या पुढे जाते. म्हणजे डिपरवर 60 च्या वेगाने जाणारा चालक आपल्या उजेडाच्या पलीकडे धावत असतो.

पावसात तर कोणताही दिवा अपुराच पडतो. ओला रस्ता आरशासारखा उजेड पुढे फेकतो आणि चालकाकडे परत येतो तो फारच थोडा. पिवळा दिवा धुके कापतो हाही समज फोल आहे. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात. फॉगलाइट उपयोगी पडतो तो खाली बसवलेला आणि रुंद झोताचा असतो म्हणून. रात्रीच्या पिवळ्या चष्म्यांचेही तसेच. अमेरिकेत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा चष्म्यांनी पादचारी लवकर दिसले नाहीत.

रात्री समोरचा झोत पूर्वीपेक्षा जास्त खुपू लागला, दिव्यांभोवती वलये दिसू लागली, तर नवा बल्ब घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चाळिशीनंतर आणि मधुमेह असेल तर नियमित तपासणी हवीच. विंडस्क्रीन आतूनही पुसा, कारण तिच्यावरचा तेलकट थरही उजेड विखुरतो. ट्रकच्या मागे ‘यूज डिपर ॲट नाइट’ असे लिहिलेले असते. आपल्या ट्रकचा डिपर खरोखर खाली पडतो का, हे आजच एकदा भिंतीसमोर उभे राहून बघा.