इन्सुलिन पेनची सुई : माप चुकल्यास काय करावे?

वर्धा जिल्ह्यातील हिंगणीसारख्या गावात हव्या त्या मापाची सुई दरवेळी मिळेलच असे नाही. ४ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरची डबी हाती आली, म्हणून इन्सुलिन चुकवू नये. टोचण्याची पद्धत मात्र बदलावी.

इन्सुलिन त्वचेखालील चरबीत जावे लागते. प्रौढ व्यक्ती स्थूल असो वा कृश, तिची त्वचा साधारणतः २ ते २.५ मिलिमीटर जाड असते. म्हणूनच ४ मिलिमीटरची सुई बहुतेकांना पुरते. लांब सुई स्नायूत शिरल्यास इन्सुलिन रक्तात लवकर मिसळते आणि साखर एकाएकी घसरू शकते. मुले व कृश व्यक्ती यांना हा धोका अधिक.

अशा वेळी अंगठा व बोटाने पोटावरील त्वचेची घडी हलकेच उचलावी, सुई ४५ अंशांत तिरपी टोचावी आणि बटण दाबून दहापर्यंत मोजल्यावरच काढावी. सुई लांब म्हणून डोस मनाने कमी करू नये. डबीवरील ३१ वा ३२ हा आकडा जाडीचा असतो. आकडा मोठा, तितकी सुई बारीक.

जुनी सुई पुनःपुन्हा वापरणे किंवा दुसऱ्याची घेणे, हा उपाय नव्हे. घाम, थरथर वा भोवळ जाणवताच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व पंधरा मिनिटांनी रक्तशर्करा तपासावी. पुढील तपासणीस सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाताना पेन व डबी सोबत न्यावी आणि सुईचे माप चिठ्ठीवर लिहून घ्यावे.