कॅमेऱ्यालाही ऊन लागतं, बाई!

पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. सकाळी सकाळी शेजारच्या काकू दारात उभ्या. रात्री त्यांच्या अंगणातली पाण्याची मोटार कुणीतरी उचलून नेली होती. मी म्हटलं, "काकू, घाबरू नका, तुमच्या फाटकावर कॅमेरा आहे ना!" काकूंच्या मुलाने पुण्याहून येऊन दोन वर्षांपूर्वी तो बसवला होता. आई एकटी असते, निदान लक्ष तरी राहील म्हणून. रेकॉर्डिंग लावलं, तर रात्रभर पडद्यावर नुसता पांढरा धूर. माणूस नाही की मांजर नाही!

तंत्रज्ञ मुलगा आला, शिडीवर चढला आणि हसायलाच लागला. कॅमेऱ्याच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं, वर धुळीचा थर. अंधारात कॅमेरा आपल्याला न दिसणारा स्वतःचा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. तो जाळ्यावर आपटून परत फिरतो, म्हणून सगळं पांढरं. दिवसा मात्र चित्र बरं दिसायचं, त्यामुळे मुलालाही शंका आली नाही.

काकू म्हणाल्या, "मोटारीचं सोड गं. रात्री कडी लावताना मला वाटायचं, लेकाचं लक्ष आहे. त्याला तर काहीच दिसत नव्हतं!" ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

मग मी आणि बचत गटातल्या मैत्रिणींनी गल्लीतल्या घराघरांतले कॅमेरे बघायला सुरुवात केली. कुठे वायरीचे जोड उघडे, कुठे कॅमेऱ्याला चक्क प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली! मैत्रिणींनो, त्यातून जे शिकले ते तुम्हाला सांगते.

आधी आपलं सोलापूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात जातो. बऱ्याच कॅमेऱ्यांची सहनशक्ती ५० ते ६० अंशांपर्यंत असते. तुम्ही म्हणाल, मग काळजी कसली? पण पारा सावलीत मोजतात. उन्हात तापलेल्या भिंतीवरचा कॅमेरा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. म्हणून तो छज्जाखाली आणि शक्यतो पश्चिमेकडे तोंड न करता बसवून घ्या. छज्जा नसेल तर वर छोटा पत्रा लावा. पण पत्रा आणि कॅमेरा यांच्यात दोन बोटं जागा ठेवा, वारा खेळला पाहिजे. पत्रा फार पुढेही काढू नका, नाहीतर रात्री प्रकाश त्यावरच आपटेल. उन्हाने वायरीचं वरचं आवरण तडकतं, म्हणून वायर पाइपातूनच न्यावी.

आता पाऊस. आपल्याकडे जून-जुलैत आभाळाकडे डोळे लावून बसायचं आणि सप्टेंबरात तो धो धो यायचा! ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी, सप्टेंबर २०२५ मधला सीनेचा पूर कोण विसरेल? कॅमेरा घेताना खोक्यावर 'आयपी ६६' किंवा 'आयपी ६७' लिहिलंय का बघा. पहिला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ६ असेल तर जोराचा फवारा सोसतो, ७ असेल तर एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतं.

पण गंमत अशी, की कॅमेरा पाणी सोसतो, त्याच्या शेपटीचे जोड नाही सोसत! नुसती टेप गुंडाळलेली असेल तर पाणी शिरून पिना गंजतात. हे जोड आणि अडॉप्टर झाकणाच्या पीव्हीसी बॉक्समध्येच हवेत. आणखी एक युक्ती. वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्यायचा. मग पाणी त्या झोक्यावरून ठिबकून जातं, भोकातून घरात येत नाही. भोक सिलिकॉनने बुजवून घ्यायचं.

प्लॅस्टिकची पिशवी मात्र नको ग बायांनो! आत दमट हवा कोंडते, उष्णता अडकते आणि रात्री प्रकाश पिशवीवरूनच परत फिरतो. काचेच्या आतूनच वाफ धरलेली दिसली तर स्वतः उघडू नका, तंत्रज्ञाला बोलवा. विजा कडाडू लागल्या तर, वीज अंगणात पोचायच्या आधीच, कॅमेऱ्याचा आणि इंटरनेटचा प्लग काढून ठेवा. दोन्ही, एक नाही. आभाळ निवळलं की आठवणीने परत लावा. वीज जाऊन आल्यावर रेकॉर्डिंगवरची तारीख-वेळ बरोबर आहे ना, तेही बघा.

राहिली धूळ. महिन्यातून एकदा बटण बंद करून, खाली कुणाला तरी स्टूल धरायला सांगून, आधी मऊ ब्रशने धूळ झटका, मग ओलसर मऊ कापडाने काच पुसा. कोरड्या फडक्याने घासलं तर चरे पडतात. पाइपाने पाणी तर मारूच नका. पुसताना त्याचं तोंड शेजारणीच्या दाराकडे वळलं नाही ना, हेही बघा हं!

एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक घरात सारखीच दिसली. कॅमेऱ्याचा पासवर्ड नवऱ्याला माहीत, ॲप मुलाच्या मोबाइलवर आणि दिवसभर घरात असणारी बाई म्हणते, "मला त्यातलं काही कळत नाही." अहो, लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू नये हे आपल्याला कळतं, पापड कुठल्या उन्हात घालायचे हे कळतं, तर एवढं नाही कळणार? ते ॲप आपल्याही मोबाइलवर घ्या, पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा आणि आठवड्यातून एकदा रात्री झोपण्यापूर्वी चित्र बघा. बिघाड रात्रीच उघडा पडतो.

काकू आता दर अमावास्येला कॅमेरा पुसून घेतात. शेजारचा कॉलेजातला मुलगा शिडीवर, काकू खाली शिडी धरून. मग रात्री अंगणात उभ्या राहून पुण्याला फोन लावतात, "दिसते का रे मी?" तिकडून "दिसतेस, आता आत जाऊन झोप," असं आलं, की मगच कडी लावतात.

तुमच्या दारावरचा कॅमेरा शेवटचा कधी पुसलात? आज रात्री बघाच जरा!