गोशाळांस सरकारी अनुदान : त्याचा हिशोब व आपलें कर्तव्य

निकामी झालेलें जनावर कोणीं पोसावें, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. सन १८३४ मध्यें जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरपोळ निघाला, तेव्हां हा भार दानधर्मावर होता. आतां सरकारनेंही त्यांत हात घातला आहे. तो किती व कोणत्या अटींवर, हें शेतकरी बंधूंस ठाऊक असावें, म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

मार्च २०१५ पासून महाराष्ट्रांत गायीप्रमाणेंच बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी आहे. त्यामुळें थकलेला बैल धन्याच्या दावणीस राहतो किंवा गोशाळेच्या दारीं येतो. पुढें विसाव्या पशुगणनेंत (२०१९) राज्यांतील देशी गायी ४६,१३,६३२ भरल्या. मागील गणनेहून ही संख्या २०.६९ टक्क्यांनीं कमी होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं मंत्रिमंडळानें गोशाळेंतील दर देशी गायीमागें रोज ५० रुपये देण्याचें ठरविलें. त्याच्या मुख्य अटी अशा : गोशाळा महाराष्ट्र गोसेवा आयोगाकडे नोंदलेली असावी, गोसंगोपनाचा किमान ३ वर्षांचा अनुभव असावा, किमान ५० गोवंश असावा व प्रत्येक जनावराच्या कानांत बिल्ला असावा.

आतां हिशोब पाहूं. १०० गायींचे रोजचे ५,००० व ३० दिवसांचे १,५०,००० रुपये होतात. रक्कम मोठी दिसते. परंतु साडेतीनशे किलो वजनाच्या गायीस रोज ७ ते पावणेनऊ किलो कोरडा अंश वैरणींतून लागतो. शिवाय पेंड, मीठ, औषधपाणी व गड्याची मजुरी आहेच. सन २०१९ च्या दुष्काळांत चारा छावण्यांस मोठ्या जनावरामागें रोज १०० रुपये मिळत होते. त्या मानानें ५० रुपये म्हणजे निम्माच आधार होय.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. हें अनुदान देशी गायीचें आहे. बैलाचें नाहीं व संकरित गायीचेंही नाहीं. ज्यानें दहा वर्षें आपली शेतें नांगरलीं, त्याच्या नांवावर एक पैसाही पडत नाहीं, आणि गोशाळेंत जागा नाहीं असें उत्तर प्रथम त्याच्याच धन्यास मिळतें. कायद्यानें ज्याला राखलें त्याच्या वैरणीचीही तरतूद व्हावी, ही मागणी आपल्या संघांनीं सरकारकडे लावून धरली पाहिजे.

तोंवर आपल्या हातीं असलेलें आपण करावें. जनावर सोपवितांना गोशाळेची नोंदणी पाहावी आणि बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. बैल दिला असल्यास दर हंगामीं त्याच्या वांट्याचा थोडा तरी कडबा पोंचवावा. चालकांनीं जनावरांची आवकजावक, जन्ममृत्यू व वैरणीचा खर्च रोजच्या रोज टिपावा. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. मंजूर रक्कम एका अपुऱ्या नोंदीपायीं महिनोन्‌महिने अडलेली आम्हीं पुष्कळ वेळां पाहिली आहे. कागद थांबूं शकतो. दावणीचें जनावर सायंकाळच्या वैरणीवांचून थांबूं शकत नाहीं.