टाकीतल्या गॅसचा हिशेब

मंडळी, वैशाखातली मलकापूरची दुपार कशी असते, ते तुम्हांला सांगायला नको. पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी गॅसची टाकी उन्हात दिसली की घरातली म्हातारी ओरडते, "अरे, आत घ्या ती, फुटेल!" तिची भीती अगदीच खोटी नाही. पण त्या उन्हात टाकीत किती दाब होईल, हे आधीच कागदावर काढता येते. तो हिशेब आज पाहू.

टाकी हलवली की आत खळखळते ते पाणी नव्हे, द्रवरूप गॅसच. त्यात मुख्य पदार्थ दोन, प्रोपेन आणि ब्युटेन. उघड्यावर प्रोपेन उणे 42 अंशांलाच उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरा खाली. बंद टाकीत मात्र आपल्याच वाफेच्या दाबाखाली दोघे द्रव राहतात. 45 अंशांवर नुसत्या प्रोपेनचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे 15 पट, ब्युटेनचा 4 पटींहून थोडा जास्त. पण टाकीतले मिश्रण दर खेपेला सारखे नसते. प्रत्येक मिश्रण मोजत कोण बसणार?

फ्रान्सच्या राऊल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1887 च्या सुमारास यावर सोपा नियम दिला. दोन भावांची ज्वारी एकत्र केली तर सरासरी भाव जसा काढाल, तसाच मिश्रणाचा दाब काढायचा; फक्त वाटा वजनाचा न धरता रेणूंच्या संख्येचा धरायचा. निम्मे-निम्मे रेणू असले तर 45 अंशांवर दाब येतो सुमारे 10 पट. पौषातल्या पहाटे 10 अंशांवर तोच 4 पट. गुरुजी, सातवीच्या मुलांना हे गणित जरूर घाला.

दुसरी गोष्ट जागेची. घरगुती टाकीत पाणी भरले तर सुमारे 33 लिटर मावेल. गॅस भरतात 14.2 किलो, म्हणजे थंडीत साधारण 26 लिटर द्रव. उन्हाळ्यात तो फुगून 28 लिटरांवर जातो. वरची रिकामी जागा ही काही दुकानदाराची लबाडी नव्हे! टाकी द्रवाने काठोकाठ भरली, तर पुढे फुगायला जागाच नाही. द्रव दबत नाही, आणि दाब भलताच चढतो.

याच नियमाने आणखी एक कोडे सुटते. निम्म्या-निम्म्या मिश्रणावरच्या वाफेत पाच रेणूंपैकी चार प्रोपेनचे निघतात. प्रोपेन असा आधी संपत जातो, तळाशी ब्युटेन उरतो. म्हणून थंडीत टाकी संपत आली की ज्योत मंदावते. मग काहीजण ती गरम पाण्यात उभी करतात. हे मात्र करू नका. दाब कसा चढतो, ते आपण आताच पाहिले.

हा नियम सगळीकडे लागू पडतो असे समजू नका. प्रोपेन आणि ब्युटेन एकाच जातीचे, म्हणून जमते. 50 मिलिलिटर पाण्यात 50 मिलिलिटर स्पिरिट ओतून पाहा (दिवा-चूल दूर ठेवा). 100 भरत नाही, 97 च्या आसपास भरते. रेणू एकमेकांना जवळ ओढतात आणि एकमेकांच्या फटींत बसतात. अशा जोडीचा दाबही नुसत्या सरासरीने काढला तर चुकतो. तिथे रेणूंची ओढ आणि त्यांचा आकार, दोन्ही हिशेबात घ्यावे लागतात. वायूंसाठी असे पहिले समीकरण हॉलंडच्या व्हान डर वाल्स यांनी 1873 साली मांडले, आणि 1910 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.